पिशवीतले अनुष्ठान

चार वर्षांपूर्वी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मी माझ्या पोटातून बाहेर आलेली एक रबरी नळी देवाच्या नावाआड लपवली. आणि ज्या एका माणसाला ती दाखवणे माझे कर्तव्य होते, त्याच्यापासून ती विशेष काळजीने लपवली. ही गोष्ट मी आजवर कोठे लिहिली नाही. लिहिणे हाच माझा धंदा असून लिहिली नाही, हे मुद्दाम नमूद करतो. कर्जतच्या कचेरीसमोर चिंचेखाली चौरंग मांडून मी तीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांतली माणसे माझ्यासमोर उकिडवी बसून आपापली दुःखे सांगतात आणि मी ती सरकारला समजतील अशी करून देतो. ‘वर लिहिलेला मजकूर माझ्या समजुतीप्रमाणे खरा आहे’ हे वाक्य इतरांच्या वतीने माझ्या बोटांना इतके सवयीचे झाले आहे की ते आपोआप उतरते. स्वतःच्या वतीने ते लिहिण्याची पाळी आली तेव्हा मात्र शाई वाळली.

आजार म्हणावा तर सामान्य होता. पुरुषांना मूत्राशयाच्या तोंडाशी एक लहानशी ग्रंथी असते. उतारवयात ती काहींच्या बाबतीत फुगते आणि लघवीची वाट अडवते. हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितले. तोवर मला इतकेच ठाऊक होते की कचेरीच्या मागच्या भिंतीशी मी गेलो की पक्षकार वाट पाहून कंटाळतात. एकदा कचेरीच्या शिपायाने सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने विचारले, “भाऊ, भिंतीलासुद्धा अर्ज लिहून देता काय? की उत्तराची वाट बघत होता?” लोक हसले, मीही हसलो, आणि त्या दिवसापासून पाणी पिणे कमी केले. वर्षभर मी असा तहानलेला राहिलो. शेवटी एका सकाळी वाट पूर्णच बंद झाली. पत्नीने माझा चेहरा पाहिला आणि शेजाऱ्याचा छकडा जोडायला सांगितला. दवाखान्यातून स्टेशन, स्टेशनातून मुंबई, असा तो दिवस गेला.

मुंबईच्या शल्यवैद्यांनी सांगितले, “काम दोन खेपांत करायचे. तुंबलेल्या पाण्याने मूत्रपिंडे थकली आहेत. आधी त्यांना वाट करून देऊ. ती सावरली की अडथळा काढू.” पहिल्या खेपेत त्यांनी माझ्या बेंबीखाली छेद घेऊन मूत्राशयात बोटाएवढी जाड तांबडी नळी बसवली. नळीचे दुसरे टोक एका काचेच्या बाटलीत. बाटली नेहमी पोटाच्या खाली राहिली पाहिजे, नळीला मुरड पडता कामा नये, ओढ बसता कामा नये. रोज दोनदा उकळून गार केलेल्या बोरिकच्या पाण्याने पिचकारी मारून नळी आतून धुवायची. पाणी भरपूर प्यायचे. तिखट, आंबट, तळलेले वर्ज्य. “आणि नळी जपा,” डॉक्टर म्हणाले. “लढाई चालू आहे, रबर मिळत नाही. ही गेली तर दुसरीसाठी मला कोणाच्या तरी मोटारीचा टायर कापावा लागेल.”

हे सर्व माझ्या पत्नीने माझ्यापेक्षा लवकर आत्मसात केले. वॉर्डातल्या परिचारिकेने तिला तीन दिवस उभे करून शिकवले, आणि चौथ्या दिवशी तीच परिचारिकेला म्हणाली, “बाई, पाणी आणखी निवू दे. माझ्या मनगटाला अजून चटका बसतो.” सहा आठवडे घरी राहून मग दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी परत यायचे, असे ठरले.

बाटली न्यायची कशी, हा घरी आल्यावरचा पहिला प्रश्न. पिशवी शिवायला कापड हवे आणि कापड त्या दिवसांत परवान्यावर. पत्नीने ट्रंक उपसली. मारुतीच्या देवळासाठी तिने आदल्या वर्षी निशाण शिवले होते, त्यातला हातभर भगवा तुकडा उरला होता. तिने त्याची पिशवी शिवली, वर खांद्यात अडकवायला बंद लावला आणि नळीसाठी बाजूला एक तोंड ठेवले. पिशवी माझ्या मांडीशी लोंबू लागली. नळीला ओढ बसू नये म्हणून मी उजवा हात पिशवीच्या तोंडात घालून नळी धरून बसत असे.

आता वाचकांनी माझ्या ओटीवरचे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. एक वयस्क मनुष्य पाटावर ताठ बसला आहे, कारण वाकले की टाके ओढतात. त्याचा उजवा हात भगव्या पिशवीत आहे. तो हळू बोलतो, कारण मोठ्याने बोलले की पोटाला हिसका बसतो. घटकेघटकेला तांब्यातले पाणी पितो. मुगाची खिचडी आणि दूधभात याखेरीज काही खात नाही. सकाळ-संध्याकाळ दार लावून आत जातो. आत उकळलेल्या पाण्याची भांडी, धूतवस्त्रात ठेवलेल्या वस्तू. आणि त्याची बायको कोणालाही शिवू देत नाही, मूल जवळ आले तरी “हां, लांबून” म्हणते. आमच्याकडे याला एकच नाव आहे.

सर्वांत आधी शेजारच्या आजींनी ते उच्चारले. ओटीसमोरून जाताना त्या थबकल्या, पदर सावरला आणि हळूच पत्नीला म्हणाल्या, “अनुष्ठानाला बसलेत होय गं? सांगितलं नाहीस ते.”

पत्नीने माझ्याकडे पाहिले. तिची अपेक्षा होती की मी काही बोलावे. मी डोळे मिटले. आजींनी त्याचा अर्थ लावून घेतला आणि बाहेरूनच नमस्कार केला.

आत आल्यावर पत्नी पदराने तोंड दाबून इतकी हसली की भिंतीला टेकली. “अहो, काय हे! मिटायला डोळे बरे सापडले!”

“मी कुठे काय बोललो?”

“तेच म्हणते मी. खोटं बोलायलासुद्धा अंगात काही लागतं. इकडे नुसतं गप्प बसून साधलं.”

तिची ही थट्टा त्या सहा आठवड्यांत थांबली नाही. बाटली रिकामी करायची वेळ झाली की, “महाराज, मौन सोडावं, पिशवी द्यावी.” एके दिवशी ती झाकलेले भांडे घेऊन परसात जात असता आजींनी कुंपणापलीकडून विचारले, “अनुष्ठानाचं पाणी ना गं ते? चार थेंब माझ्या तुळशीला घाल.” पत्नीने म्हणे एवढ्या चपळाईने भांडे केळीच्या बुंध्याशी पालथे केले की आजी पाहतच राहिल्या. “ते दुसऱ्याच्या तुळशीला चालत नाही,” एवढेच ती म्हणाली. घरात येऊन मात्र हसली नाही. “हे वाढत चाललंय. आता सांगून टाका कुणाला तरी. आजार आहे, चोरी नव्हे.”

मला ते पटत होते. पण त्याच दुपारी कचेरीचा शिपाई आला. भिंतीचा विनोद करणारा तोच. तो ओटीखाली वहाणा काढून उभा राहिला, पुढे येऊन माझ्या पाटासमोर वाकला आणि म्हणाला, “भाऊ, मागं मी काही बोललो असेन, मनात ठेवू नका.” मी डावा हात उचलून त्याला आशीर्वाद दिला. उजवा गुंतलेला होता. तो आशीर्वाद देताना मला जे सुख झाले, ते मी आजही विसरलेलो नाही, आणि त्या सुखाची लाज हीच माझ्या या लेखनाची खरी सुरुवात आहे. लाजेसाठी लपवायला लागलो होतो. पुढे मानासाठी लपवू लागलो.

दुसऱ्या शस्त्रक्रियेला निघालो तेव्हा लोकांनी ठरवले की मी समाप्तीसाठी एखाद्या क्षेत्राला निघालो आहे. मी त्यांना अडवले नाही. मुंबईत ग्रंथी काढली. पहिले दोन दिवस बाटलीत रक्त पाहून मी मनोमन सर्वांची क्षमा मागितली आणि तिसऱ्या दिवशी पाणी निवळल्यावर ती परत घेतली. नळी काढल्यानंतरही पोटाची जखम दहा दिवस पाझरत होती; कापसाच्या घड्या बदलून बदलून पत्नीची बोटे बोरिकने पांढरी पडली. मग एका सकाळी जखमेची वाट मिटली आणि मूळची वाट सुरू झाली. मी आत होतो, ती दाराबाहेर. बाहेरून तिचा आवाज आला, “सुटली बाई गाडी! घाटाखाली किती दिवस अडकली होती!” आम्ही दोघे दाराच्या दोन बाजूंना हसलो, आणि मला वाटते, थोडे रडलोही.

इथवर कोणाचे काही बिघडले नव्हते. परत येताना कर्जत स्टेशनाबाहेर मी पेढे घेतले. पत्नीने विचारले, “हे कशाला?” मी म्हणालो, “लोक विचारतील.” ती म्हणाली, “मी वाटणार नाही.” मी स्वतः वाटले. प्रसाद म्हणून वाटले. गप्प राहण्याचा गुन्हा तेथे संपला आणि बोलण्याचा सुरू झाला.

आता माझ्या मित्राविषयी लिहायला हवे. तो कडावचा शेतकरी. लहानपणी तेथल्या शाळेत आम्ही एकाच गोणपाटावर बसलो. मी लिहायला शिकलो, तो माझ्या पाटीवरून उतरवायला. घरची भातशेती, पाच म्हशी. एक दिवसाआड दुधाचा हंडा छकड्यात घालून तो कर्जतला येई आणि शेवटचे घर आमचे ठेवी, कारण तेथे चहा मिळे. मला तो ‘लिवणाऱ्या’ म्हणत असे. अनुष्ठानाच्या काळात तो ओटीवर येऊन बसे, माझ्या पिशवीकडे, तांब्याकडे, पाटाकडे निरखून बघे, आणि कधी नव्हे तो गप्प असे. मला वाटे, आदराने.

चैत्रात, माझी जखम भरून आल्यावर, तो चहा संपवून उठला नाही. पत्नी आत गेलेली पाहून म्हणाला, “एक विचारू का रं?”

“विचार की.”

“तुला मागं त्रास व्हता ना... त्यो?” त्याने हनुवटीने खाली खूण केली. “शिपाई म्हनत व्हता. भिंतीचा.”

“होता थोडासा.”

“आता नाय?”

“आता नाही.”

“मला दोन सालापासून हाय रं. बांधावर हुबा ऱ्हायलो तर बैलं मागं वळून बघत्यात, मालक मेला का काय.” तो हसला, पण डोळे हसले नाहीत. “घरात सांगायची लाज वाटतीय. तू अनुष्ठान केलंस आन सुटलास, हे खरं हाय का?”

एवढा सरळ प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. समोर माझा सर्वांत जुना मित्र होता. आमच्यामध्ये चहाचे दोन कप आणि माझ्या सदऱ्याखाली चार बोटे लांबीचा व्रण. सदरा वर करायला जितका वेळ लागतो तितक्या वेळात त्याचे आयुष्य बदलले असते. माझ्या मनात त्या क्षणी काय आले ते मी पुष्कळदा तपासून पाहिले आहे. ‘हा कडावला जाऊन सांगेल, तेथून ते शिपायाच्या कानावर येईल’, इतकेच आले. याहून मोठे काही आले असते तर निदान पापाला शोभा आली असती.

मी म्हणालो, “देवाची कृपा,” आणि डब्यातला उरलेला एक पेढा त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो कपाळाला लावून खाल्ला.

ज्येष्ठापासून दूध घेऊन त्याची बायको येऊ लागली. श्रावणात एके दिवशी पत्नीने तिला सहज विचारले, “वहिनी, भावजी दिसले नाहीत बरेच दिवस. बरे आहेत ना?”

“बरं हायती की. अनुष्ठानाला बसल्यात,” ती अभिमानाने म्हणाली. “तुमच्या घरावानीच. पाटावर बसत्यात, तिखट सोडलंय. दीस उगवल्यापासून पानी पित्यात. तुमी शिवली तशी भगवी पिशवी मी पन शिवली. हात घालून बसत्यात.”

“पिशवीत काय आहे?” पत्नीने विचारले. तिचा आवाज बदललेला मला आतून कळला.

“काय असंल? देव असंल,” वहिनी म्हणाल्या. “पन पाय सुजल्यात त्यांचं. अन् जेवन जात नाय. उपासाचं हाय म्हनत्यात.”

त्या गेल्यावर पत्नी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. त्या दिवशी तिने ‘महाराज’ म्हटले नाही. “त्यांनी सगळं हुबेहूब उतरवलं,” ती म्हणाली. “पाट, पाणी, पिशवी. नळी तेवढी राहिली. पाणी आत जातंय, बाहेर यायला वाट नाही. कळतंय ना इकडे?”

मला कळत होते. मी पाटीवरून उतरवणारा तो मुलगा पाहत होतो. “उद्या जातो,” मी म्हणालो.

“आज का नको?”

“पाऊस आहे. पेज नदीला पाणी आलं असेल.”

पाऊस होता, हे खरे. पण त्याच पावसातून वहिनी दुधाचा हंडा घेऊन आल्या होत्या आणि परत गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशीही मी पावसाकडे बोट दाखवले. तिसऱ्या दिवशी सकाळी कडावची चार माणसे खांद्यावर बाज घेऊन आमच्या दारावरून दवाखान्याकडे गेली. उन्हाळ्यात माथेरानला साहेबलोकांच्या रिक्षा ओढणारी ती माणसे, पावसाळ्यात डोंगरावरचे काम बंद म्हणून घरी होती. गुडघाभर चिखलातून त्यांनी त्याला धक्का न लावता आणले होते. बाजेवर माझा मित्र होता. पोट मडक्यासारखे फुगलेले, चेहरा पिवळा. आणि खांद्याला, भिजून तांबूस झालेली, रिकामी भगवी पिशवी.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तात्पुरती वाट करून दिली आणि मुंबईला हलवायला सांगितले. कंपाउंडर, मी आणि वहिनी त्याला घेऊन निघालो. इस्पितळात माझेच शल्यवैद्य. त्यांनी त्याला तपासले, मग मला ओळखले, आणि खाटेशीच उभे राहून विचारले, “तुम्ही? यांना आणायला इतका उशीर? तुम्ही तर याच खाटेवरून बरे होऊन गेलात. नळी, बाटली, सगळं तुम्हाला ठाऊक. सांगितलं नाहीत यांना?”

मी मित्राकडे पाहिले. त्याचे डोळे मिटलेले होते. मला वाटले, त्याला गुंगी आहे. डोळे मिटण्याचे इतर उपयोग मला चांगले माहीत असूनही मी तसे समजलो. वहिनी औषध आणायला गेल्या होत्या. डॉक्टर उत्तराची वाट न पाहता पुढच्या खाटेकडे गेले.

तो वाचला. माझ्यासारखीच नळी त्याच्या पोटाला बसली आणि सहा आठवड्यांनी आम्ही दुसऱ्या खेपेसाठी गेलो. पण डॉक्टरांनी रक्ताची तपासणी पाहून मान हलवली. मूत्रपिंडे फार दिवस तुंबून राहिली होती. ती पूर्ण सावरणार नव्हती आणि दुसरी शस्त्रक्रिया त्याला सोसली नसती. “नळी कायमची,” ते म्हणाले. “जपलं तर पुष्कळ वर्षं काढतील.” दर महिन्याला दवाखान्यात नळी बदलायची, रोज धुवायची. चिखलात उतरून लावणी करायची नाही. म्हशीखाली उकिडवे बसून धार काढायची नाही.

मला वाटले होते, तो खचेल. त्याने काय केले? दुधाचे मडके टांगायचे काथ्याचे शिंके घेतले, त्यात बाटली बसवली, आणि ते कमरेला बांधून गावभर फिरू लागला. कोणी विचारले, “हे काय?” की सदरा वर करून दाखवी. “मुंबईचा नळ बसवून आनलाय. तुज्या घरी हाय का? नाय ना? मग गप.” बायकांसमोर वहिनी लाजत, तो म्हणे, “लाजून एकदा मरत व्हतो, आता जिता हाय तर लाजू कशाला?” पुढे कशेळ्याचा एक म्हातारा आणि वाडीवरचा एक ठाकूर असे दोघे त्याच्याकडे चोरून येऊन गेले. त्याने दोघांनाही धरून दवाखान्यात नेले. माझ्या अनुष्ठानाने एक माणूस बुडाला. त्याच्या शिंक्याने दोन तरले.

मी दर रविवारी कडावला जाऊ लागलो. त्या दिवशी त्याची नळी धुण्याचे काम मी मागून घेतले होते. पत्नीने मला शिकवले, परिचारिकेने तिला शिकवले होते त्याहून कडकपणे. हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचे; पाणी मनगटावर पाहायचे; पिचकारी हळू दाबायची; जितके आत गेले तितके परत आले का ते बघायचे. तीन वर्षे मी एकही रविवार चुकवला नाही. पावसाची सबब मी पुन्हा कधी सांगितली नाही. आणि मनाशी समजत होतो की ही सेवा म्हणजेच माझी माफी. आता वेगळे काही बोलायची गरज नाही. माणूस स्वतःला किती चतुरपणे सूट देतो पाहा. जे शब्द चार क्षणांत संपले असते, ते टाळण्यासाठी मी दीडशे रविवार खर्च केले.

तो मात्र मला आता ‘लिवणाऱ्या’ म्हणत नसे. ‘महाराज’ म्हणे. “महाराज आलं, आसन मांडा.” “महाराज, पानी निवलं का?” त्याची भगवी पिशवी माजघरात खुंटीला टांगलेली होती. तिच्यात बोरिकची पूड, कापूस आणि पिचकारी ठेवलेली असे. दर रविवारी मला त्या पिशवीत हात घालावा लागे. ती तेथे कोणी आणि का टांगली, हे मी कधी विचारले नाही.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. झोडणी संपलेली, खळ्यात पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या. मी ओटीवर त्याची नळी धूत होतो. पत्नीही त्या दिवशी बरोबर आली होती आणि वहिनींशी बोलत बसली होती. तेवढ्यात पायरीशी एक परका माणूस येऊन उभा राहिला. चाळिशीचा असेल. खालापूरहून चालत आलो म्हणाला.

“अनुष्ठानाचं कोन हाय हितं?” त्याने विचारले. “चौकला गॅरेजवाल्यानं सांगितलं. कर्जतकडं कोनी महाराज हायती, त्यांनी पिशवीत हात घालून अनुष्ठान केलं आन लघवीचा त्रास गेला. कडावात इचार म्हनला. आमच्या बाबाला लई त्रास हाय. कालधरनं पानी पाजतोय त्यांना. बाकी काय करायचं ते सांगा.”

माझ्या हातातली पिचकारी थांबली. चार वर्षांत ती गोष्ट कर्जतहून चौकला आणि चौकहून खालापूरला गेली होती, आणि आता परत फिरून माझ्या पुढ्यात उभी होती. एक म्हातारा कोठेतरी तांब्याने पाणी पीत होता.

मी मित्राकडे पाहिले. तो बोलेल, अशी मला आशा होती. नेहमी तोच बोलत असे. सदरा वर करणे त्याला सोपे होते. पण त्याने सदऱ्याला हात लावला नाही. माझ्या हाताकडे बघत म्हणाला, “थांबलास का? पानी निवतंय.”

मी पिचकारी दाबली. पाणी आत गेले, तितकेच परत आले.

“झकास धुतोस,” तो म्हणाला. “तुझं हात लई बोलत्यात रं, लिवणाऱ्या. तीन सालं ऐकतोय मी. तोंड कवा बोलंल?”

तीन वर्षांनी त्याने मला ‘लिवणाऱ्या’ म्हटले होते. मला इस्पितळातली ती खाट आठवली, आणि मिटलेले डोळे. त्याला गुंगी नव्हती. तो माझी वाट पाहत होता, पहिल्या दिवसापासून.

मी हात पुसले आणि उठून उभा राहिलो. सवयीने जी भाषा तोंडाला आली तीच आली. “मी असे निवेदन करू इच्छितो की, सदर बाबतीत माझ्याकडून...”

“अर्ज नको,” तो म्हणाला. “कचेरी नाय ही. बोल.”

पत्नीने वहिनींच्या हातावर हात ठेवलेला मला दिसला. मी सदरा वर केला. बेंबीखालचा तो व्रण माझ्या पत्नीखेरीज आणि डॉक्टरांखेरीज कोणी पाहिला नव्हता. खालापूरच्या माणसाला मी आधी म्हणालो, “पाणी पाजणं आत्ता थांबव, आणि बाबांना आजच्या आज दवाखान्यात ने. मी बरोबर येतो. अनुष्ठान कधीच नव्हतं.” मग मित्राकडे वळून बोललो. पण आवाज हळू निघाला.

तो कानामागे हात धरून म्हणाला, “गोठ्यातल्या म्हशींना ऐकू गेलं नाय. त्यांची धार काढायची सुटली माझी, त्यांनाबी हक्क हाय.”

म्हणून मी पुन्हा, खळ्यात पेंढा रचणारी माणसे मागे वळून पाहतील इतक्या मोठ्याने म्हणालो, “माझ्या पिशवीत देव नव्हता रे, बाटली होती. तू मला विचारलंस तेव्हा मी तुला पेढा दिला, खरं सांगितलं नाही. कळल्यावरही दोन दिवस पावसाकडे बघत बसलो. ही नळी तुझ्या पोटाला कायमची राहिली ती माझ्यामुळे. मी चुकलो. मला क्षमा कर.”